ती मागे वळते तेव्हा

बुधवार, रात्री

लेयर शॉट या बॉडी स्प्रेची जून २०२२ मधली जाहिरात आवाज बंद करून पाहिली, तर तिच्यात आक्षेपार्ह म्हणावं असं काही सापडत नाही. मोठं दुकान, फळीपुढे एक मुलगी, जवळच चार तरुण. कपडे सगळ्यांचे अंगभर. कोणी कोणाला हात लावत नाही. आवाज चालू केला की कळतं: आपण चौघं आणि ही एकच, मग शॉट कोण घेणार, असं ते आपसात बोलतायत. ती दचकून मागे वळते. चेहऱ्यावर भीती, संताप. आणि मग फळीवर उरलेली एकच बाटली दिसते. झाली गंमत!

बाटली दिसेपर्यंतचे काही सेकंद प्रेक्षकाच्या डोक्यात सामूहिक बलात्कारच यायला हवा, नाहीतर पुढचा विनोद लागू पडत नाही. म्हणजे तिची भीती हा या विनोदाचा कच्चा माल. आणि शेवटी खुळी ठरते तीच, उगाच घाबरली म्हणून. रात्री रिकाम्या डब्यात जी सावधगिरी बाईच्या कामी येते, तिचीच ही टिंगल. त्याच दिवसांत हैदराबादच्या सामूहिक बलात्काराच्या बातम्या चालू होत्या.

४ जूनला माहिती व प्रसारण मंत्रालयाने ट्विटर आणि यूट्यूबला व्हिडिओ काढायला सांगितलं. एएससीआय या जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेने चौकशी संपण्याआधीच जाहिरात थांबवायला लावली. कंपनीने माफी मागितली, पण आवश्यक त्या मंजुऱ्या घेतल्या होत्या, असंही सांगितलं. मला ते खोटं वाटत नाही. मंजुरी देणारा माणूस बहुधा उघडं अंग शोधत असणार, आणि इथे ते नव्हतं. १९८६ चा कायदाही 'अशोभनीय चित्रणा'चा, स्त्रीच्या शरीराकडे पाहणारा. मंत्रालयाच्या पत्रातसुद्धा आधार सभ्यतेचा आणि नीतिमत्तेचाच. चौघांच्या बोलण्यातली धमकी या मोजपट्टीत बसतच नाही. म्हणून तक्रार करताना 'अश्लील' एवढंच लिहून भागत नाही. वाहिनी, तारीख, वेळ किंवा लिंक द्यायची आणि नेमकं कोणतं वाक्य, त्यावर तिचा चेहरा कसा होतो, ते लिहायचं. एएससीआयकडून प्रत्येक जाहिरात आधी तपासून घ्यायची सक्ती नाही, त्यामुळे तक्रार पोचेपर्यंत ती घराघरांत दिसलेली असते.

मथळ्यांतही नजर अशीच चुकते. 'विनयभंग' हा शब्द कायद्यातूनच आलेला, पूर्वीचं कलम ३५४, आता भारतीय न्याय संहितेचं ७४. गुन्हा त्याचा, पण मोडतो तिचा विनय. दुसरा नेहमीचा मथळा: 'एकतर्फी प्रेमातून तरुणीवर हल्ला'. हल्ला कोणी केला ते नाही, आणि कारण म्हणे प्रेम. आधीचे कित्येक महिने चाललेला पाठलाग त्या प्रेमात विरघळून जातो. पाठलाग हा २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे, आता कलम ७८. 'पाठलाग करणाऱ्याचा तरुणीवर हल्ला' असंही लिहिता येतं. तेही चारच शब्द, जागेची सबब चालणार नाही.

'नराधम' लिहून उपसंपादकाला बरं वाटतं. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे तक्ते दरवर्षी दाखवतात, की बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो: शेजारी, नातेवाईक, लग्नाचं वचन देणारा. नराधम म्हटल्यावर वाचकाच्या डोळ्यांपुढे अंधारातला कोणी राक्षस येतो, जेवणाच्या पंगतीतला काका येत नाही.

पीडितेच्या ओळखीचं तर विचारूच नका. कलम ७२ नुसार ती उघड केली तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. ओळख पटेल असा कोणताही तपशील नको, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये स्पष्ट केलं. तरी नाव खोडलं की काम झालं, अशी समजूत दिसते. गाव राहतं, इयत्ता राहते, वडिलांचा धंदा राहतो. आरोपी बापच असेल तर त्याचं नाव-आडनाव छापलं की मुलीचं नाव लपवण्यात अर्थ उरत नाही. आणि तीस उंबऱ्यांच्या वाडीत सलून एकच असेल, तर 'सलूनचालकाची मुलगी' हेच तिचं नाव.