तुम्ही विचारलंत म्हणून: सर्डिक खरंच होऊन गेला का?

इंग्लंडच्या जुन्या इतिहासाचा विषय निघाला की हा प्रश्न ठरलेला: वेसेक्सच्या (म्हणजे दक्षिण इंग्लंडमधल्या, जर्मनीकडून आलेल्या सॅक्सन लोकांच्या राज्याच्या) राजघराण्याचा मूळपुरुष सर्डिक खरा, की नुसती दंतकथा? माझं उत्तर जरा तिरपं आहे. माणूस बहुधा खरा, त्याची गोष्ट मात्र रचलेली.

गोष्ट अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल या बखरीतली. ४९५ साली सर्डिक आणि त्याचा मुलगा किनरिक ५ जहाजं घेऊन ब्रिटनमध्ये उतरले. ५०८ साली त्यांनी एका ब्रिटन (म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या) राजाला ५,००० माणसांसह कापून काढलं, ५१९ साली राज्य मिळवलं, ५३० साली दक्षिण किनाऱ्याजवळचं वाइट बेट घेतलं आणि ५३४ साली सर्डिक वारला. सगळं कसं सनावळीनुसार! पण ही बखर तयार झाली ८९०च्या सुमारास, वेसेक्सच्या आल्फ्रेड राजाच्या काळात. म्हणजे मध्ये जवळपास चारशे वर्षं गेलेली, आणि आल्फ्रेड स्वतः याच घराण्यातला.

नीट वाचलं की शिवण दिसायला लागते. ४९५ साली सर्डिक ज्या किनाऱ्यावर उतरतो, त्याच किनाऱ्यावर ५१४ साली 'वेस्ट सॅक्सन' (वेसेक्सचे लोक) पुन्हा येतात, या वेळी ३ जहाजं घेऊन. अंतर बरोबर १९ वर्षांचं. ईस्टरची तारीख काढायची कोष्टकं १९ वर्षांच्या चक्रावर चालत आणि त्यांच्या कडेला घटना टिपून ठेवायची पद्धत होती. एकच हकिकत दोन चक्रांत चढली असावी, असं अभ्यासक मानतात. इतिहासकार डेव्हिड डमव्हिल यांनी राजावळ्या नव्याने मांडल्या, तेव्हा सर्डिकची कारकीर्द ५३८ ते ५५४ अशी निघाली. म्हणजे बखरीने ज्याला मारलं, तो त्यानंतर गादीवर बसतो!

आजूबाजूची पात्रंही संशयास्पद. पोर्ट्समथला ५०१ साली 'पोर्ट' नावाचा वीर उतरतो. वाइट बेट 'विटगार'ला मिळतं. गावावरून माणूस घडवायची ही खोड जगभर आहे. विटगार आणि त्याचा जोडीदार स्टुफ हे आल्फ्रेडच्या आईचे पूर्वज, असं आल्फ्रेडचा चरित्रकार अ‍ॅसर सांगतो. तेव्हा त्यांना बखरीत मानाचं पान का मिळालं, हे वेगळं सांगायला नको.

शिवाय ७३१ साली इतिहासाचा ग्रंथ पुरा करणारा इंग्लिश मठवासी बीड सांगतो, की वाइट बेटावर आणि समोरच्या किनाऱ्यावर ज्यूट हे वेगळे लोक राहत. वेसेक्सचा राजा कॅडवाला याने ते बेट जिंकलं ६८६ साली, सर्डिकच्या कितीतरी नंतर. वेस्ट सॅक्सन लोकांचं जुनं नाव बीड 'गेविसे' असं देतो, आणि त्यांच्या सुरुवातीच्या खुणा सापडतात थेम्सच्या वरच्या खोऱ्यात, डॉर्चेस्टरच्या आसपास. समुद्रापासून चांगल्याच लांब. दक्षिण किनारा आपला पहिल्यापासूनचा, हे दाखवायची गरज कोणाला होती, ते उघड आहे.

मग सर्डिकला तरी खरा का म्हणायचं? त्याच्या नावामुळे. 'सर्डिक' हे सॅक्सन नाव नाहीच. ते ब्रिटन लोकांचं, 'केरेटिक'सारखं. सॅक्सन विजेता रचायला बसलेला भाट त्याला शत्रूच्या जातीचं नाव कशाला देईल? आवडो न आवडो, हे नाव घराण्याच्या आठवणीत पक्कं बसलेलं असणार. मला वाटतं, तो मिश्र कुळातला कोणी स्थानिक सरदार असावा; जहाजातून आलाच असेल असंही नाही.

पुढे वंशावळीत त्याच्या मागे वोडन देव आला, आणि मग नोहाच्या तारवात जन्मलेला एक मुलगा घालून ती थेट आदमपर्यंत नेली. बादरायण संबंध जोडावा तर असा!

याला जोडून येणारा प्रश्न: आताचे चार्ल्स राजे त्याचेच वंशज का? ८०२ साली वेसेक्सच्या गादीवर आलेल्या एग्बर्टपर्यंत धागा मजबूत आहे. मधला दुवा स्कॉटलंडची राजकन्या मटिल्डा, जिने ११०० साली इंग्लंडच्या पहिल्या हेन्री राजाशी लग्न केलं; तिची आई मार्गारेट वेसेक्सच्या घराण्यातली. एग्बर्टच्या मागे मात्र वंशावळीवर मी सही करणार नाही. तिथे तर सर्डिक आणि किनरिक हे बापलेक की आजोबा-नातू, यावरही जुन्या याद्यांचं एकमत नाही.