इमारतनिहाय नकाशा का देत नाही

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते, एरवी हा विषय मी हल्ली टाळते. व्याख्यान संपलं की कोणीतरी हमखास उठतं: ‘मॅडम, तुमचं सॉफ्टवेअर शहरातल्या एकेका इमारतीचा वीजवापर काढतं, मग नकाशा वॉर्डापाशीच का थांबतो? आमच्या सोसायटीवर क्लिक केलं तर काहीच दिसत नाही.’ सोसायट्यांचे सेक्रेटरी तर फोन करून विचारतात. त्यातला अभ्यासू असतो तो अमेरिकेचा दाखला देतो: ओक रिज प्रयोगशाळेनं १२ कोटींहून जास्त इमारतींच्या ऊर्जावापराची संगणकी मॉडेलं खुली केली, तुम्हाला एक शहर जमत नाही?

जमतं की. दशांश चिन्हापुढे दोन घरांपर्यंत आकडा निघतो. पण तो कशातून निघतो ते बघा. उपग्रहचित्रावरून इमारतीची बाह्यरेषा, मालमत्ता कराच्या नोंदीतून मजले आणि बांधकामाचं वर्ष, त्यावरून ठरवलेला आर्केटाइप, म्हणजे तशा इमारतींचा ठरावीक नमुना: चार मजले, नऊ इंची विटांची भिंत, वर उघडा स्लॅब. आत किती माणसं, एसी किती वाजता लागतो, हे मी तुमच्या घरी न येताच ठरवलेलं असतं. हवामानाची फाइलसुद्धा कुठल्या एका खऱ्या वर्षाची नसते. एका वर्षाचा एप्रिल, दुसऱ्याच वर्षाचा मे, असे महिने जोडून ती बनते. (आणि ईसीबीसीच्या, म्हणजे इमारतींच्या ऊर्जाबचतीच्या राष्ट्रीय संहितेच्या लेखी पुणं मुंबईच्याच उष्ण-दमट विभागात येतं. सांगून बघा एखाद्या पुणेकराला.) हजारो इमारतींची बेरीज केली की चुका आपसांत फिटतात: एक फ्लॅट वर्षभर कुलूपबंद, शेजारी तीन एसी. म्हणून वॉर्डाचा आकडा बराचसा भरवशाचा, एकट्या इमारतीचा नाही.

एवढं मी सगळ्यांना सांगते. ते खरं आहे, पण तेवढ्यानं मी नकाशा बंद केला नसता.

काही वर्षांपूर्वी एका शहराचा नकाशा (नाव नको) आम्ही इमारतनिहाय दिला होता, हिरव्यापासून लालपर्यंत रंगवून. आग्रह माझाच होता, आणि तो अगदीच चुकीचा होता असं मला आजही वाटत नाही. ज्यांच्यासाठी काम केलं त्यांच्याकडच्या एका साहेबांनी मॉडेलचा वापर आणि मीटरचा वापर शेजारी शेजारी मांडला. मीटर जिथे फारच खाली, त्या इमारतींची यादी काढली. ‘एवढी वीज लागायलाच हवी. मीटरवर येत नाही, म्हणजे चोरी.’ एकेका इमारतीचा आकडा हा अंदाज आहे, असं अहवालात ठळक अक्षरांत लिहिलं होतं. अहवाल वाचतो कोण?

यादीत वरच एक जुनी कामगार वसाहत होती. भरारी पथक भल्या सकाळी गेलं. मीटरची सीलं तपासली, वायरी ओढून पाहिल्या, माळ्यावरचे डबे खाली काढायला लावले. काही सापडलं नाही. सापडणार कुठून? वरच्या मजल्याचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती उष्णता खोलीत सोडतो. आमच्या मॉडेलमध्ये खोली २६ अंशांच्या वर गेली की एसी सुरू व्हायचा. तिथे एसी नव्हताच. लोक खिडकीला ओली चादर बांधत होते आणि गच्चीवर झोपत होते.

मी नंतर तिथे गेले. कोणी बोलावलं नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या मावशींनी चहा दिला आणि आर्केटाइप, गृहीतकं, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘म्हणजे ताई, तुमच्या हिशोबानं आम्ही एसी लावायला पाहिजे होता?’ टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. घरात पथक शिरल्याची बातमी त्यांच्या सुनेच्या माहेरपर्यंत गेली होती. ती दारात उभी राहिली, माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

हो म्हणावं, तर त्या बिलाचे पैसे कुठून आणायचे? नाही म्हणावं, तर मॉडेल मीटरला जुळवून घ्यायचं, आणि मग तीच वसाहत नकाशावर हिरवीगार, शहरातली आदर्श इमारत म्हणून दिसणार. उकाड्यात काढलेल्या रात्री ‘बचत’ म्हणून जमा. मावशींना मी काय उत्तर दिलं ते मला आठवतं, पण इथे लिहिण्यासारखं नाही.

नकाशासाठी हट्ट धरणारी तेव्हाची मी मात्र गप्प बसत नाही. ती म्हणते, वॉर्डाच्या सरासरीनं भलं कोणाचं झालं? त्याच वॉर्डातल्या काचेच्या टॉवरचं. तो अख्खी दुपार पश्चिमेचं ऊन आत घेतो, मग थंडाव्यासाठी चिलर चालवतो, आणि वसाहतीच्या तुटपुंज्या वापराआड लपतो. न्यूयॉर्कमध्ये २५,००० चौरस फुटांवरच्या बहुतेक इमारतींना ऊर्जेची श्रेणी दारावर लावावी लागते, ती कशी चालते? मी सांगते, ते अक्षर मालकानं कायद्यानं भरलेल्या प्रत्यक्ष वापराच्या आकड्यांवरून येतं, माझ्यासारखीच्या अंदाजावरून नाही. ती विचारते, आणि तसा कायदा इथे होईपर्यंत? तिथे माझं अडतं.

तर सेक्रेटरीसाहेब, तुमच्याच इमारतीचा आकडा हवा असेल, तर सभासदांची संमती आणि १२ महिन्यांची बिलं घेऊन या, लिफ्ट-पंपाच्या कॉमन मीटरचंसुद्धा. बसून काढू. शेजारच्या सोसायटीचा मात्र मागू नका.