सागवानी दाराच्या बिजागऱ्यांसाठी स्क्रू निवडताना

कोकणातल्या आमच्या घराचे सागवानी दार चौकटीला घासू लागले, तेव्हा बिजागऱ्यांचे लोखंडी स्क्रू खाऱ्या हवेने गंजलेले आणि त्यांच्याभोवतीचे लाकूड काळे पडून भुसभुशीत झालेले आढळले. नव्या बिजागऱ्या पितळी घ्यायच्या हे लगेच ठरले. विचार करावा लागला तो स्क्रूंचा.

दुकानात स्क्रू ‘35 बाय 8’ असा मागतात. पहिला आकडा मिलिमीटरमधील लांबीचा आणि दुसरा जाडीच्या नंबरचा असतो. 6 नंबरचा स्क्रू साधारण 3.5 मिमी, 8 नंबरचा 4.2 मिमी आणि 10 नंबरचा 4.8 मिमी जाड भरतो. माझ्या बिजागऱ्यांच्या भोकांत 8 नंबरचे चपटे डोके समपातळीत बसत होते. 10 नंबरचे वर राहिले असते आणि दार पुरते मिटले नसते. जाडी अशी बिजागरीनेच ठरवली. लांबी ठरवताना मात्र लाकडाची अवस्था पाहिली: दाराच्या फळीत 35 मिमी पुरेसे होते, पण चौकटीचे वरचे लाकूड कमकुवत झाल्यामुळे तिथे आतल्या निकोप सागापर्यंत पोहोचणारे 50 मिमीचे स्क्रू घेतले.

दुकानदाराने प्रथम काळे जिप्सम स्क्रू, म्हणजे जिप्सम बोर्ड बसवायला वापरतात ते, पुढे केले. ते स्वस्त असतात, परंतु कडक पोलादाचे असल्याने आडव्या ताणाखाली वाकण्याऐवजी तुटतात आणि त्यांच्यावरचा काळा थर समुद्राकाठच्या दमट हवेत टिकत नाही. रोज उघडझाप सोसणाऱ्या दाराला ते लावू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. स्टेनलेस स्टीलचा पर्याय मजबूत होता, तरीही खाऱ्या ओलाव्यात दोन निरनिराळे धातू एकमेकांना टेकलेले असले की गंज वाढण्याचा धोका असतो, म्हणून पितळी बिजागरीला पितळी स्क्रूच घेतले.

पितळ मऊ असते आणि साग टणक, त्यामुळे खरे कष्ट भोके पाडण्यात होते. जुनी भोके साफ करून त्यांत सागाच्या खुंट्या गोंदाने बसवल्या आणि त्या पूर्ण वाळू दिल्या. मग 3 मिमीच्या बिटने, स्क्रूच्या लांबीइतक्या खोलीवर चिकटपट्टीची खूण करून, सरळ भोके पाडली. त्यांत आधी त्याच मापाचा पोलादी स्क्रू फिरवून आटे पाडून घेतले, तो काढला आणि मेण लावलेला पितळी स्क्रू बसवला. साबण अनेकजण वापरतात, पण तो ओलावा धरतो, म्हणून मी मेणबत्तीच घेतली. शेवटचे फेरे हाताच्या स्क्रूड्रायव्हरनेच दिले, कारण ड्रिलच्या जोराने पितळी डोक्याची खाच झिजते किंवा मानेपाशी स्क्रूच तुटतो, आणि आत अडकलेला तुकडा काढायचा तर भोवतीचे चांगले लाकूड कोरावे लागते.