आभारप्रदर्शन

घरातल्या प्रार्थनेत मी देवाचे उपकार मानले, आणि ती संपल्यावर वहिनी सहज म्हणाल्या, "तुमची उपकारस्तुती ऐकायला फार बरे वाटते." त्या मनापासूनच म्हणाल्या होत्या आणि मीही हसून मान हलवली, पण तेव्हापासून ते वाक्य मनातून जाता जात नाही. ऐकायला बरे वाटतही असेल, कारण वर्षानुवर्षे त्याच गोष्टी त्याच क्रमाने म्हटल्या की त्यांना आपोआप एक लय येते: नवा दिवस दाखवलास, अन्नवस्त्र पुरवलेस, प्रवासात सांभाळलेस, आपल्या एकुलत्या एका पुत्राला आमच्यासाठी दिलेस. यातले एक अक्षरही खोटे नाही. तरीही ते सारे समारंभाच्या शेवटी होणाऱ्या आभारप्रदर्शनासारखे होते. तिथे कोणाचे नाव राहून जाऊ नये एवढीच काळजी असते, आणि ज्याचे आभार मानायचे तो अजून सभागृहात बसला आहे की केव्हाच उठून गेला, याकडे कोणाचे लक्ष नसते.

तक्रार करताना मात्र मी अशी बोलत नाही. गेल्या पावसाळ्यात जे झाले त्यानंतर मी देवबापाशी जे बोलले त्यात ना क्रम होता, ना पाठ केलेली वचने. समोर कोणीतरी आहे, त्याला ऐकू जाते आहे आणि उत्तर देणे त्याला भाग आहे, अशा हक्काने मी भांडत होते. ते उत्तर अजून आलेले नाही, आणि त्याविषयी आज लिहिणार नाही. पण जिचे मागणे तसेच पडून आहे तिलाच दर वेळी उपकारस्तुतीसाठी पुढे करावे, हा काय न्याय, असे काल रात्री वाटले आणि थोडे रडूही आले.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायातले दहा कुष्ठरोगी आठवले: येशूने दहाही जणांना बरे केले, पण उपकार मानायला परत आला तो एकच, तोही यहुद्यांना परका असलेला शोमरोनी. त्या नऊ जणांना आपण उपदेशांत फार सहज दोषी ठरवतो, असे मला नेहमी वाटते. स्वतःला याजकांना, म्हणजे पुरोहितांना, जाऊन दाखवा, असे प्रभूनेच त्यांना सांगितले होते, आणि बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायाप्रमाणे शुद्धीकरणाचा विधी चांगला आठव्या दिवसापर्यंत चालायचा. म्हणजे ते आज्ञाच पाळत होते, आणि वाटेने जाताना त्यांच्याही मनात आनंद मावत नसणार. शोमरोन्याजवळही तेवढाच आनंद होता, फक्त तो आनंद घेऊन तो उलट फिरला आणि ज्याने बरे केले त्याच्या पायांशी पालथा पडला. आनंद होणे आणि तो कोणाच्या तरी पायांशी नेणे यांत जे अंतर आहे, तेच वहिनींच्या वाक्याने माझ्यापुढे उभे केले. त्याच शुभवर्तमानात पुढच्याच अध्यायात मंदिरात उभा राहून 'मी इतरांसारखा नाही' म्हणणारा परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणारा यहुदी, तोही, नीट पाहिले तर, उपकारच मानतो आहे. त्याचे उपकार आपल्याच भोवती फिरून आपल्यापाशीच परत येतात.

येथवर आल्यावर, यापुढे सगळ्यांसमोर मोठ्याने प्रार्थनाच करू नये, असा एक बाणेदार निश्चय मी करू लागले होते. तो फार टिकला नाही. मेलेल्या लाजाराला जिवंत करण्याआधी त्याच्या कबरेपाशी प्रभू येशूने वर दृष्टी लावून पित्याचे उपकार मानले ते भोवतालच्या लोकांना ऐकू जातील असे मानले, आणि ते लोकांसाठी बोललो असेही तिथेच स्पष्ट सांगितले. तेव्हा लाजार अजून बाहेरही आलेला नव्हता. ज्या रात्री येशूला धरून देण्यात आले त्या रात्रीही भाकर हाती घेऊन त्याने आधी उपकारस्तुती केली, असे प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला पत्रात लिहिले आहे. तेव्हा लोक ऐकतात ही माझी अडचण नव्हे. बोलणे कोणाकडे तोंड करून चालले आहे, एवढाच प्रश्न उरतो, आणि तो वहिनींना सोडवता येण्यासारखा नाही.

आज सकाळी एकटीने बसून नुसती उपकारस्तुती करायची ठरवली. दोन वाक्यांतच तक्रार सुरू झाली, तिच्या अधेमध्ये काही उपकार आले, मग पुन्हा तक्रार. क्रम पार बिघडला. स्तोत्रसंहितेत, म्हणजे बायबलमधल्या स्तोत्रांच्या पुस्तकात, याला आधार सापडतो, म्हणून फारसे वाईट वाटले नाही: अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रात शेवटपर्यंत अंधारच आहे, तरी ते तारणाऱ्या देवालाच हाक मारून सुरू होते; आणि तेराव्या स्तोत्रात दावीद "कोठवर?" असे चार वेळा विचारूनही सहाव्या ओवीत परमेश्वराच्या उपकारांचे गीत गायला लागतो. मला सहा ओव्यांत ते जमेल असे दिसत नाही. दाविदाचा हात या कामात बसलेला होता. माझे ऐकून घेणाऱ्याला मात्र, आजवरच्या अनुभवावरून सांगते, कसलीही घाई नसते.