टब ३ मधला ठिपका परत उगवला, आणि ड्रिफ्टचा तक्ता गेला तेल लावत

गच्चीवरच्या आठ टबमध्ये मी गप्पी मासे पाळून ड्रिफ्ट बघतोय, म्हणजे निव्वळ योगायोगाने एखादी खूण पिढ्यांमागून पसरते की नाहीशी होते ते. हा ठिपका गणपतीतच दिसला होता खरं तर, पण क्रॉसचा (ठरवून लावलेल्या जोडीचा) निकाल हातात येईपर्यंत इथे लिहायचं नाही असं ठरवलं होतं. आता आलाय. टब ३ मध्ये ठिपकेवाला नर आहे, आणि त्या टबमधला शेवटचा ठिपकेवाला उन्हाळ्यातच गचकला होता. त्यानंतर रंगात आलेले सगळे नर बिनठिपक्याचे. तक्त्यात त्या रकान्यापुढे 'गेला' असं कधीच लिहून झालंय.

सेटअप असा, आठ टब (अर्धे कापलेले निळे ड्रम), प्रत्येकात सुरुवातीला ४ नर आणि ८ व्हर्जिन (नराला न लागलेल्या) माद्या, सगळे डासांसाठी सोडतात त्या गटारी गप्पींच्या वंशातले, आणि चार नरांतला बरोब्बर एक पाठीच्या पराखाली काळा ठिपका असलेला. ठिपका वाय क्रोमोसोमवर (जो फक्त नरांकडे असतो) बसतो, बापाकडून थेट पोराकडे, मादीत दिसतच नाही. गप्पीत अशी वायवरची जीन्स असतात हे डॅनिश जनुकशास्त्रज्ञ विंगेने १९२२ मध्येच दाखवलंय, म्हणून तर हा मार्कर (वंश ओळखायची खूण) घेतला. हिशोब सोपा होता: चार वायपैकी एक, निवड वगैरे काही नसेल तर शेवटी एक चतुर्थांश टबमध्ये सगळे नर ठिपकेवाले होणार आणि तीन चतुर्थांशात ठिपका नामशेष. म्हणजे आठातले साधारण सहा टब ठिपका गमावणार. आणि टब ३ त्यातला पहिला होता!

मग हा आला कुठून?

संशयित तीन. पहिला, खालच्या मजल्यावरचा पोरगा, ज्याला गच्चीवर आला की या टबमधला मासा त्या टबमध्ये टाकायची हौस आहे (नेट प्रत्येक टबला वेगळं आहे, पण पोराला ओंजळ पुरते). दुसरा, क्रॉसिंग ओव्हर. गप्पीचे एक्स आणि वाय अधूनमधून तुकडे बदलतात, हेही विंगेच्याच काळापासून माहिती आहे, तर ठिपका कधीतरी एक्सवर उडी मारून एखाद्या मादीत गुपचूप बसला असेल आणि आता तिच्या पोरात बाहेर पडला असेल. तिसरा, साठवलेलं स्पर्म. मादी एकदा नराला लागली की महिनोन्‌महिने त्याच साठ्यावर बॅचमागून बॅच टाकते हे आपल्यातल्या प्रत्येकाने भोगलंय, पण मी ते फक्त ब्रीडिंगची कटकट म्हणून बघत होतो, पॉप्युलेशनच्या हिशोबात धरायची गोष्ट म्हणून नाही. त्रिनिदादच्या ओढ्यांमधल्या गप्पींवर २०१३ मध्ये पेपर आला होता, त्यात मेलेल्या नरांची पिल्लं त्यांच्या मरणानंतर दहा महिन्यांपर्यंत जन्मत होती. दहा महिने!

दुसऱ्या संशयिताचा निकाल एका क्रॉसमध्ये लागतो आणि इथेच मला सगळ्यात जास्त मजा आली. नव्या नराला बिनठिपक्याच्या लाइनची व्हर्जिन मादी द्यायची. ठिपका त्याच्या वायवर असेल तर सगळी पोरं ठिपकेवाली, एक्सवर असेल तर एकाही पोराला ठिपका नाही, कारण बापाचा एक्स फक्त मुलींना जातो. मधलं काही नाहीच.

अडलं ते 'व्हर्जिन'वर. वेळ वाचवायला एका दुकानातून व्हर्जिन म्हणून तिप्पट भावात विकलेल्या माद्या आणल्या, त्यातली एक पिशवीतच ड्रॉप व्हायच्या (पिल्लं टाकायच्या) बेतात होती. माझं मत आता पक्कं झालंय, व्हर्जिन मादी विकत मिळत नाही, ती आपणच तीन आठवड्यांची असताना भिंगाखाली ग्रॅव्हिड स्पॉट (मादीच्या पोटामागचा गडद डाग) बघून वेगळी काढायची असते. शेवटी घरच्याच ब्लॉन्ड (फिकट रंगाच्या) लाइनमधून काढली, आणि त्याचा एक फुकटचा फायदा झाला. ब्लॉन्ड रिसेसिव्ह आहे (आई आणि बाप दोघांकडून आला तरच दिसतो), म्हणजे मादी आधीच ब्लॉन्ड भावाला लागलेली असती तर बॅचमध्ये ब्लॉन्ड पिल्लं निघाली असती. पहाटे टॉर्च मारून बघितलं तर जावा मॉसमध्ये (पाण्यातलं शेवाळासारखं झुडूप) अख्खी बॅच करडी. एकही फिकट नाही. तेव्हाच अर्धी लढाई जिंकली.

पुढचे आठवडे नुसते बेबी ब्राइन श्रिम्प (अंड्यातून काढलेले बारीक कोळंबीसारखे जीव) घालण्यात गेले (बाटलीतलं हॅचिंगच बरं, ते तयार डिकॅप्स्युलेटेड (कवच काढलेल्या) अंड्यांचं पाकीट पिल्लं हुंगून सोडून देतात, पैसे पाण्यात). मग नरांचं गोनोपोडियम (मीलनाचा पर) टोकदार व्हायला लागलं आणि पाठोपाठ पराखाली काजळाचं बोट पुसल्यासारखा धूसर डाग, चारपाच दिवसांत कडा धरून गोल. फोटोबॉक्समध्ये एकेकाला घेऊन बघितलं. सगळ्यांना आहे. सगळ्यांना!

म्हणजे वाय. क्रॉसिंग ओव्हर सुटला.

राहिले पोरगा आणि स्पर्म. टब ३ मधल्या म्हाताऱ्या माद्या एकेक करून बरण्यांमध्ये बसवल्यात, नराशिवाय. त्यातल्या एकीने जरी ठिपकेवालं पोर टाकलं तरी केस बंद. नवीन नराचं स्पर्म जुन्यावर भारी पडतं, त्यामुळे जुन्याला टबमध्ये चान्स कमी, आता बरणीत एकटी असल्यावर तळाचा साठा वापरावा लागेल असा माझा डाव आहे.

पण हे लिहिता लिहिताच लक्षात येतंय की केस कोणाच्याही बाजूने लागली तरी तक्ता बदलायलाच हवा. मी रविवारी नेटने नर मोजतो आणि तेवढेच वाय धरतो. प्रत्यक्षात टबमध्ये पोहणारे वाय वेगळे आणि माद्यांच्या पोटात बँकेत पडलेले वाय वेगळे. ४ नर ८ माद्यांचा इफेक्टिव्ह साइज (ड्रिफ्टच्या हिशोबात धरायची संख्या) सूत्राने १०.७ च्या आसपास येतो, म्हणजे पिढीला पावणेपाच टक्के हेटरोझायगोसिटी (जनुकीय विविधता) उडायला हवी, पण मेलेले बाप पुढच्या पिढीत हात घालत असतील तर पिढी म्हणजे काय हाच गोंधळ. ड्रिफ्ट त्यामुळे मंदावणार. वर २००६ च्या त्रिनिदादमधल्या प्रयोगात दुर्मिळ पॅटर्नचे नर जास्त जगतात असं निघालंय, म्हणजे टब ३ मधला हा एकुलता एक पठ्ठ्या दुर्मिळ असण्याचाच फायदा उपटणार का? माझ्या टबमध्ये शिकारी नाही, पण माद्यांनाही अनोळखी पॅटर्न आवडतो. मग याला न्यूट्रल (ना फायद्याचा ना तोट्याचा) मार्कर कोणत्या तोंडाने म्हणू?

टब ७ आणि ८ मध्ये गप्पींच्या रंगांवर शिकाऱ्यांचा परिणाम बघणाऱ्या एन्डलरच्या १९८० च्या प्रयोगासारखा बारीक खडी विरुद्ध जाड खडीचा बेत होता, तो रद्द. त्याच्याकडे शिकारी मासे होते, नुसती खडी टाकून मी काय शेंगा सोलणार. त्याऐवजी ७ विटांवर चढवतो आणि त्याचा ओव्हरफ्लो पाइपने ८ मध्ये सोडतो, एकाच दिशेने. हॅस्किन्स या संशोधकाने १९५७ मध्ये त्रिनिदादच्या अरिमा नदीतले २०० गप्पी टुरूरे नदीच्या वरच्या अंगाला धबधब्यावर सोडले आणि त्यांची जीन्स पुढे खालच्या पट्ट्यात उतरत गेली, तेच गच्चीवर. ७ मध्ये सध्या सगळे नर ठिपकेवाले आहेत आणि ८ मध्ये ठिपका 'गेला' आहे (आता हा शब्द अवतरणात).

पाइपच्या तोंडाला पिल्लं जातील पण मोठे नर अडतील अशी जाळी कोणी वापरली आहे का? मच्छरदाणीची फारच बारीक पडते आणि शेवाळाने दोन दिवसांत चोंदते.