'मासिक उत्पन्न' हा रकाना भरायचा कसा

ओळखीतल्या लोकांचे सरकारी मदतीचे फॉर्म बरेचदा मीच भरून देते. नाव, पत्ता, जन्मतारीख पटापट होतं आणि मग येतो 'मासिक उत्पन्न', तिथे गाडी अडते ती अडतेच. अहो, ज्याला मदत लागते त्याचा पगार ठरलेला कुठे असतो? एक महिना भरपूर काम, पुढचा महिना नुसतं बसून. चांगल्या महिन्याचा आकडा टाकला की अपात्र, वाईट महिन्याचा टाकला तर उद्या म्हणणार माहिती लपवली.

सरासरी टाका म्हणणाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातलं रोबोडेट प्रकरण जरूर वाचावं. तिथे मदत पंधरवड्याच्या कमाईवर ठरते. 2016 मध्ये सरकारने काय केलं, तर टॅक्स खात्याकडचा वर्षाचा आकडा उचलला, सगळ्या पंधरवड्यांत सारखा वाटून टाकला आणि जिथे जुळेना तिथे थेट वसुलीच्या नोटिसा. म्हणजे समजा तुम्ही सहा महिने बेकार होतात, तेव्हा नियमात बसून मदत घेतली, नंतर नोकरी लागली, तर कॉम्प्युटरच्या हिशोबाने तुम्ही बेकार असतानाही कमवत होतात! आणि तसं नव्हतं हे दाखवायचं तुम्हीच, वर्षानुवर्षांपूर्वीच्या सॅलरी स्लिपा हुडकून. ती कंपनी बंद पडली असेल तर बसा बोंबलत. 2019 मध्ये कोर्टात हे बेकायदेशीर ठरलं, पुढे पैसेही परत द्यावे लागले, पण तोवर लोकांचे जे हाल व्हायचे ते झालेच.

बरं, चांगल्या महिन्यात चार पैसे बाजूला टाकावेत म्हटलं तर तेही नडतं. अमेरिकेत गरीब वृद्ध आणि अपंगांसाठी एसएसआय म्हणून मदत आहे, त्यात एकट्या माणसाकडे 2000 डॉलरच्या वर शिल्लक चालत नाही. राहतं घर आणि एक गाडी धरत नाहीत, तेवढीच मेहरबानी. ही मर्यादा 1989 पासून तीच आहे, महागाई कुठल्या कुठे गेली तरी. बचत केली म्हणून मदत बंद, हा कुठला न्याय?

मी हल्ली फॉर्मसोबत महिन्यामहिन्याच्या कमाईचा वेगळा कागद जोडते आणि त्याच्यावर पोच घेते. काउंटरवर बरेचदा घेतात, कुरकुरत का होईना. ऑनलाइन फॉर्मला मात्र एकच चौकोन, त्यात एकच आकडा, आणि खाली 'वरील माहिती सत्य आहे' वर टिक केल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.