वेतोबाच्या वहाणा

“तुमच्या कथेतल्या शिपायांचा हुकूम भरती-ओहोटी ऐकते, मग ते शत्रूची गलबतं पहिल्याच रात्री बुडवून मोकळे का होत नाहीत?” वाचक भेटले की हा प्रश्न हमखास विचारतात. मंत्र जाणणारे सैनिक इतके दमलेले आणि तहानलेले का, अशी तक्रारही त्याला जोडलेली असते. तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून या वेळी सविस्तर उत्तर देते.

माझे बालपण गोव्यातल्या पेडणे तालुक्यात गेले. आजी आम्हा मुलांना तेरेखोल नदीपलीकडे, वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीला, वेतोबाच्या दर्शनाला नेत असे. तिथे केळ्यांचे घड वाहतात, आणि कोणत्याही माणसाच्या पायात बसणार नाहीत एवढ्या मोठ्या चामड्याच्या वहाणाही वाहतात. वेतोबा रात्रभर गावाची राखण करत फिरतो आणि त्या फिरण्याने वहाणा झिजतात, म्हणून नव्या अर्पण करायच्या, असे आजीने सांगितले होते. तो भूतगणांचा अधिपती आहे, हे ऐकून मला भीती वाटली नाही. मी त्या वहाणांचे तळवे निरखत राहिले. ज्याच्या दिमतीला भुतांची फौज आहे, त्यालाही गस्त स्वतःच्या पायांनीच घालावी लागते, ही गोष्ट तेव्हा मनात बसली ती कायमची. आमच्या गावच्या देवचाराच्या, म्हणजे राखणदाराच्या, खांद्यावरही घोंगडी असते आणि हातात काठी.

महाभारत वाचताना पुढे हेच पुन्हा भेटले. कर्णाने कवचकुंडले देऊन इंद्राकडून मिळवलेली शक्ती एकदाच वापरता येणार होती, आणि अर्जुनासाठी जपून ठेवलेली ती शक्ती त्याला घटोत्कचावर खर्च करावी लागली. अश्वत्थाम्याला अस्त्र सोडता आले, पण परत घेता आले नाही. मला मात्र सर्वांत अस्वस्थ करतो तो मौसलपर्वातला अर्जुन. द्वारकेच्या स्त्रियांना घेऊन निघालेला असताना आभीर लुटारू चालून येतात, तेव्हा त्याला अस्त्रे आठवत नाहीत, अक्षय म्हणून मिरवलेले बाण संपतात, आणि तो उरलेल्या धनुष्याच्या टोकाने मारत राहतो. सैन्यातल्या मंत्रशक्तीबद्दल याहून खरे मी काही वाचलेले नाही.

आता भरतीविषयी. १६८३च्या नोव्हेंबरात पोर्तुगीज विजरईने (व्हाइसरॉयने) फोंड्याच्या किल्ल्याला घातलेला वेढा फसला, आणि त्याच महिन्यात संभाजीराजांच्या सैन्याने रात्री, ओहोटीचा फायदा घेऊन, जुवे बेटावरचा किल्ला घेतला. हतबल झालेल्या विजरईने सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीत आपला राजदंड ठेवून रक्षणाची याचना केली. पुढे मोगल फौज कोकणात उतरल्यामुळे मराठ्यांना मागे वळावे लागले, हा इतिहास झाला; माझी कथा मात्र उतरलेल्या पाण्यात पाऊल टाकणाऱ्या त्या शिपायांपासून सुरू झाली. त्यांच्यापैकी कोणाला ओहोटी आणखी प्रहरभर थोपवून धरता आली असती तर?

मी तशी तुकडी लिहायला घेतली आणि पहिल्याच लढाईत अडले, कारण थोपवलेले पाणी कुठेतरी जाणारच. गोव्यात ते खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीत, जाते. आमची खाजन शेती बांद (मातीचे बांध) आणि मानस (बांधातली पाण्याची दारे) यांच्या जिवावर उभी आहे: ओहोटीला मानशीची दारे शेतातले पाणी नदीत सोडतात आणि भरतीला मिटून खारे पाणी अडवतात. पाणी अवेळी चढले आणि बांद फुटला, तर कोरगुटासारखे खारेपणा सोसणारे भातही बुडते, आणि पावसाने मीठ धुऊन नेईपर्यंत त्या जमिनीत नीट पीक येत नाही. माझे शिपाई त्याच बांदांवरच्या घरांतले आहेत. शत्रूचे आरमार बुडवण्याएवढी भरती त्यांनी बोलावली, तर सर्वांत आधी त्यांच्या आयांचे शेत जाईल, म्हणून गलबते पहिल्या रात्री बुडत नाहीत.

तहानेचे कारणही पाण्यातच आहे. माझ्या कथेत पाणी धरून ठेवणाऱ्याच्या अंगातले पाणी आटते. म्हणून प्रत्येक मंत्रधारी शिपायामागे दोन पाणके चालतात, आणि पखाली रिकाम्या झाल्या की मोहीम थांबते. उधाणाच्या दिवसांत पाणके दुप्पट लागतात, भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटी मंद असण्याच्या, दिवसांत काम हलके असते. हे हिशेब काही वाचकांना कंटाळवाणे वाटतात, पण मी ते गाळणार नाही, कारण शत्रूला तलवार चालवायची गरजच नाही. त्याने पखाली फाडल्या तरी पुरे.

सध्या लिहीत असलेल्या प्रकरणात तुकडीचा नाईक मानशीवर उभा आहे. समोर गलबतांचे दिवे दिसत आहेत, पाठीमागे कापणीला आलेले भात आहे, आणि पाणक्याने त्याच्या हातात शेवटचा तांब्या दिला आहे. तो अजून पाणी प्यायलेला नाही. मीही आठवडाभर तिथेच थांबले आहे.